तीन बाजार एंगेज

मोठीमायला जाऊन अकरा दिवस झाले होते आणि मी आष्टीच्या घरी फायबरवाल्याला बोलावलं. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. तेरवी अजून व्हायची आहे आणि याला नेट सुचतंय, असं गावात कुणीतरी म्हटलंच असेल. म्हणोत बापडे. पुण्याच्या ऑफिसनं दिलेली रजा संपली होती आणि मोबाइलच्या रेंजवर माझं काम भागत नव्हतं. माझी सगळी उमर घाईत गेली, ती सुतकात तरी कशी थांबणार.

फायबरवाला परतूरचा होता, साधारण माझ्याच वयाचा, डोक्याला मफलर बांधलेला. त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं आणि मान हलवली. भिंत मातीची, दोन हात जाड, हिच्यातून काही आरपार जात नाही म्हणाला. राउटर आतल्या खोलीत ठेवला तर ओसरीवर स्पीड मरतो. लोखंडी कपाटाजवळ ठेवला तरी मरतो. तार जास्त वाकवली तरी मरतो. आणि घरात माणसं जास्त असली, सगळ्यांनी एकदम मोबाइल काढले, तर वाटून जातो. हे शेवटचं तो हसून म्हणाला. घरात मी होतो आणि मोठीमायची लेक सुमनअक्का होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा वर्षांपूर्वीच गेले. वाटून घ्यायला माणसं राहिली होती कुठं?

मग त्यानं दाराच्या चौकटीशेजारच्या जुन्या डबीवर बोट ठेवलं. "हे काढावं लागंल. भोक इथंच आहे, तार इथूनच आत घेतो."

ती टेलिफोनची डबी. तळहातात मावेल एवढी. रस्त्यावरच्या खांबावरून आलेली तार या डबीत शिरायची आणि इथून फोनला जायची. फोन कधीच गेला, लाइनही गेली, डबी तेवढी भिंतीला धरून राहिली होती. तिचा मूळचा पांढरा रंग कुठंच दिसत नव्हता. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाची पुटं चढून ती शेंदूर फासलेल्या दगडासारखी झाली होती. मी म्हटलं, मी काढतो. पेचकस हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

आई मला आठवत नाही. मी रांगत होतो तेव्हा ती गेली. मला आठवतं ते सुमनअक्काच्या कमरेचं हाड. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अंगानं काडी, आणि मला दिवसभर काखोटीला मारून हिंडायची, तेव्हा ते हाड मला रुतायचं. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. एकीकडे अण्णा आणि मी, दुसरीकडे मोठीमाय आणि अक्का. चुलते माझ्या जन्माआधीच गेलेले. जेवण मोठीमायच्या चुलीवर, झोप अक्काच्या पांघरुणात. तिच्या केसांना करडीच्या तेलाचा वास यायचा. आजही कुठं करडीचं तेल तापलं की मी चार वर्षांचा होतो, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

परतूरच्या रस्त्याच्या कडेनं टेलिफोनचे लोखंडी खांब गेलेले होते. शाळूच्या रानातून येताना अक्का मला एका खांबापाशी थांबवायची आणि म्हणायची, कान लाव. उन्हाळ्यात कान भाजायचा, थंडीत बधिर व्हायचा. आत घूंऽऽ असा एकसारखा आवाज चाललेला असे. मला तो घूंकार नुसताच ऐकू यायचा, अक्काला त्यातली माणसं ऐकू यायची. परतूरच्या स्टेशनमास्तरची बायको रुसून माहेरी गेली. जालन्याच्या मोंढ्यात सरकी महागली. कुणाची तरी म्हैस व्याली, रेडकू झालं. मी डोळे विस्फारून ऐकत असे. वाळल्या कडब्याचा वास, पायात मोडलेला करडीचा काटा, आणि अक्काचा गंभीर चेहरा. एकदा ती बराच वेळ कान लावून उभी राहिली. मी विचारलं, काय म्हणून राह्यलेत? ती म्हणाली, तुझी आई विचारून राह्यली, पोरगं जेवतंय का. मंग मी सांगितलं, जेवतंय बराबर.

त्या दिवसापासून रस्त्यावरचा प्रत्येक खांब मला आईच्या ओळखीचा वाटू लागला.

मी अकरा वर्षांचा असताना अक्काचं लग्न झालं. दिलं ते धावड्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या अंगाला. आष्टीहून परतूर, परतूरहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून धावडा, आणि धावड्याच्या फाट्यावरून पुढं शेतवस्तीपर्यंत पायी. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा. लेकीला दिवाळीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. अक्काला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून मुराळी मी. अकराव्या वर्षापासून दर दिवाळीला मी चार एसट्या बदलून तिला आणायला जात असे. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मोठीमायनं तिच्या सासूसाठी दिलेलं काहीतरी. येताना अक्का खिडकीपाशी बसायची आणि बाहेरचे खांब मोजायची. परतूर मागं पडलं की तिचा चेहरा बदलायचा. डोईचा पदर आपोआप खांद्यावर यायचा.

तिचे सासरे मानी. मुराळी केव्हा यावा ते सासरे ठरवत. मका आणि कापूस यांच्या मधल्या दिवसांत त्यांना सवड असे, आणि त्या दिवसांचा नेम नसे. एकदा मी न विचारता गेलो तर चहा पाजून परत पाठवलं होतं. म्हणून अक्काचा निरोप आल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरून गेलं.

आधी निरोप पत्रानं यायचा. मग आमच्याकडे फोन आला. नंबर लावल्यावर किती वर्षांनी आला ते अण्णाच जाणोत. लाइनमन गफूरभाई काळ्या तारेचं वेटोळं खांद्याला अडकवून आले, दाराशेजारी ती डबी ठोकली, आणि अण्णांनी सांगितलं म्हणून डबीतून एक तार खिडकीवाटे मोठीमायच्या खोलीत नेली. आमचा फोन काळा, मोठीमायचा लाल. एकाच लाइनीवर दोन फोन, त्याला सगळे पॅरलल म्हणत. मोठीमायनं लाल फोनवर क्रोशाचा रुमाल घातला.

धावड्याच्या बाजाराच्या दिवशी अक्का वस्तीवरून गावात यायची आणि दुपारी चारच्या सुमाराला बूथवरून फोन करायची. एरवी तिला घराबाहेर पडता येत नसे, म्हणजे आठवड्यातून हीच एक वेळ. मोठीमाय साडेतीनला तोंड धुऊन, केस चापून, धुवट लुगडं नेसून फोनसमोर बसायची. जणू पलीकडून दिसणारच होतं. बोलणं काय व्हायचं? गाय आटली का, लेकराचा खोकला गेला का, सासूबाईचा गुडघा कसा आहे. रडणं नाही, तक्रार नाही. फोन ठेवल्यावर मोठीमाय आमच्याकडे येऊन सांगायची की सुमनचा आवाज आज खणखणीत होता, किंवा आज जरा बसलेला होता. आवाजावरून ती लेकीचा आठवडा ओळखायची.

आमच्या घरात हळदीकुंकवाला दुसरी बाई नव्हती. म्हणून खांडेनवमीला अवजारांची पूजा मोठीमायच करायची, आणि त्याला कुणी नाव ठेवायची हिंमत केली नाही. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, अण्णांची सायकल, पक्कड, पेचकस, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं. झेंडूचा आणि ओल्या लोखंडाचा वास घरभर. फोन आला त्या वर्षी ती तांब्या घेऊन डबीपुढंही उभी राहिली. झेंडूच्या फुलानं तिनं डबीवर पाणी शिंपडलं, अंगठ्यानं हळद दाबली, कुंकू दाबलं, अगदी फटीफटीत. तिचं स्वतःचं कपाळ कोरं आणि डबी लालभडक. अण्णांनी थट्टा केली की वैनी, ते काय अवजार आहे का. ती म्हणाली, "माझी सुमन इथून येती." आम्ही हसलो. दरवर्षी खांडेनवमीला ती तांब्या घेऊन डबीपाशी जायची आणि दरवर्षी आम्ही हसायचो.

जालन्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी घरी परतलो तो डोक्यात वारं घेऊन. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीनं काढून टाकलेला कॉम्प्युटर अण्णांनी मला आणून दिला. टेम्पोत मांडीवर धरून आणला त्यांनी तो. मग मोडेम आला, आणि आष्टीत ज्याच्या घरी इंटरनेट आहे असा मी एक झालो. ते नेट फोनच्याच तारेवरून चालायचं. मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग किंचाळायचा, खरवडायचा, घशात काही अडकल्यासारखा घरघरायचा, आणि नशीब असेल तर शांत व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवल्या कॉम्प्युटरचं चित्र यायचं. त्यावर माउसचा बाण नेला की स्पीडचा आकडा दिसायचा. मोडेमच्या खोक्यावर छप्पन्न हजार लिहिलेलं होतं, माझ्याकडे चौदा हजार चारशेच्या वर कधी गेला नाही.

मला पुण्यात नोकरी हवी होती. मासिकांत कंपन्यांचे ई-मेलचे पत्ते यायचे, त्यांना मी बायोडाटा पाठवत होतो. म्हणजे पाठवायला बसत होतो. निळी पट्टी सरकत सरकत पाऊण वाटेवर यायची आणि लाइन तुटायची. पुन्हा किंचाळणं, पुन्हा खरवडणं. आष्टीला तेव्हा लाइट दुपारी दोनला यायची आणि सहाला जायची. माझा सगळा उजेड त्या चार तासांतला.

स्पीड का येत नाही याची माझ्याकडे यादी होती. एक्स्चेंज लांब आहे. वाटेत तारेला सांधे आहेत. व्होल्टेज डळमळतं. आणि सगळ्यात वर पॅरलल. जालन्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं, एका पाटाचं पाणी दोन वाफ्यांना दिलं तर प्रत्येकाला निम्मं. वाफ्याचं उदाहरण मला लगेच पटलं, मी शेतकऱ्याचाच पोरगा ना. लाल फोन माझं निम्मं पाणी पीत होता. शिवाय मोठीमायनं कधी सहज रिसीव्हर उचलला की माझी लाइन खटकन तुटायची. मी भिंतीपलीकडे ओरडायचो. ती अपराध्यासारखी यायची आणि म्हणायची, धूळ पुसून राह्यले व्हते रे. बाजाराच्या दिवशी तर अक्काचा फोन होईपर्यंत मी नेट लावत नसे, आणि तेही मला जड जायचं.

त्या वर्षी मी तक्रार नोंदवली आणि गफूरभाई आले ते नेमके खांडेनवमीच्या दिवशी. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, खरखर ऐकली, आणि डबीकडे बघत राहिले. पॅरललचा संशय मी बोलून दाखवला.

"पॅरललचं काही न्हाई बेटा," ते म्हणाले. "आधी डबी खोलून बघावं लागंल. पानी मारतं का कुणी इच्यावर?"

त्यांनी पिशवीत हात घातला तोवर मोठीमाय ताम्हण घेऊन हजर. आज हत्यारांना विसावा असतो, आज कुणी पेचकस चालवायचा नाही, असं तिनं त्यांना बजावलं आणि त्यांच्या पिशवीलाही हळदकुंकू लावलं. गफूरभाई हसले. पेचकस आत ठेवून म्हणाले, ऱ्हाऊ दे भाभी, परवा येतो. दोन दिवसांनी त्यांची बदली झाल्याचं कळलं. नवा लाइनमन कुणी लवकर आला नाही आणि मीही बोलावलं नाही. डबी खोलायला चार स्क्रू होते. मी डिप्लोमावाला माणूस, अंगठाछाप हळदीकुंकवात कशाला हात घालीन. लाइनमनपेक्षा मला फळ्यावरचं चित्र खरं वाटलं.

गफूरभाईंच्या परवाचीही मी वाट पाहिली नव्हती, दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला दुपारी, अण्णांना विचारलं. ते म्हणाले, तुला त्यातलं कळतं. मोठीमायला विचारलं असं मी म्हणणार नाही, सांगितलं. सांगितलं की तुझ्या फोननं माझा स्पीड निम्मा होतोय. स्पीड म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. तिनं फक्त विचारलं की मंग सुमनचा फोन? मी म्हटलं, तो आमच्याकडे येईलच की, तू इकडे येऊन बोल. ती बरं म्हणाली.

पाटावरून मी पक्कड उचलली. तिच्यावर आदल्या दिवशीचं कुंकू तसंच होतं, हाताला लागलं. खिडकीपाशी तार लोंबत होती, पक्कड नीट बसेना. तेव्हा मोठीमायनं आतून हात बाहेर काढला आणि तार ताणून धरली, मला कापायला सोपं जावं म्हणून. कट् असा बारीक आवाज झाला. तिच्या हातात तारेचं टोक राहिलं. ते तिनं गुंडाळून क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलं.

मी धावत येऊन नेट जोडलं. किंचाळणं, खरवडणं, शांतता. बाण नेला. चौदा हजार चारशे.

मोठीमाय मागं येऊन उभी होती. "वाढला का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दुप्पट झाला. तिला इतका आनंद झाला की तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं मंग. आता जल्दी होऊ दे तुझं."

दसरा ते दिवाळी वीस दिवस. वीस दिवसांत धावड्याचे तीन बाजार आले.

पहिल्या बाजाराला मोठीमाय साडेतीनला आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तोंड धुतलेलं, धुवट लुगडं, हात मांडीवर. मी कॉम्प्युटरसमोर होतो, निळी पट्टी सरकत होती. चार वाजले, सव्वाचार झाले, साडेचार झाले. तिनं विचारलं, आला न्हाई का रे फोन? मी पाठमोराच म्हणालो, न्हाई आला.

नेट चालू असताना फोन वाजू शकत नाही. लाइन आत अडकलेली असते आणि बाहेरून करणाऱ्याला एंगेज लागतो. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हे एक वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली.

दहा मिनिटं बंद करायचं होतं. चार ते चार दहा. पण एकदा तोडलं की पुन्हा लागायला अर्धा अर्धा तास जायचा, आणि सहाला लाइट जाणार. मी मनात म्हणायचो, पुढच्या बाजाराला करू. दुसऱ्या बाजारालाही ती आली, बसली. तिसऱ्या बाजाराला येताना तिनं भाजलेल्या शेंगा सोलून, गूळ घालून वाटीत आणल्या, मला मधेच उठावं लागू नये म्हणून. वाटी तिनं कीबोर्डशेजारी ठेवली. मी दाणे तोंडात टाकत राहिलो. पाच वाजता तिनं विचारलंही नाही. उठताना गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, कापसात गुंतली असंल.

निरोप आला नाही म्हणून मुराळी गेला नाही. अण्णांनी एकदा विषय काढला, पण बोलावल्याशिवाय कसं जायचं, मागं परत पाठवलं होतं. मी मान वळवून निळी पट्टी बघत राहिलो. मोठीमायनं कानोले केले, अक्काला आवडतात म्हणून खोबरं जास्त घालून. भाऊबीजेला तिनं पाट मांडला आणि संध्याकाळी उचलला.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी अक्काचं कार्ड आलं. मोठीमायला वाचता येत नव्हतं. मी उंबऱ्यावर उभा राहून वाचून दाखवलं. धनतेरसला मुराळी आला तर पाठवतो, नंतर वेचणी आहे, असं सासरे म्हणाले. तू नक्की ये, मी पिशवी भरून ठेवली आहे. सगळ्यांना नमस्कार. एवढंच वाचलं. मधली दोन वाक्यं मी गिळली. तीन बाजार फोन केला. तिन्ही बाजार एंगेज.

मोठीमायनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "कारड जल्दी टाकायचं व्हतं तिनं." दोष तिनं लेकीला दिला आणि मी तो देऊ दिला.

कानोल्यांचा डबा घेऊन मी धावड्याला गेलो. सासरे बाजेवर बसलेले, उठले नाहीत. "इतकी वर्षं मुराळी यायचा," ते म्हणाले. "आता माहेराला लेक जड झाली म्हणायची. ऱ्हाऊ द्या मंग." बाजेखाली मक्याची कणसं पसरलेली होती. अक्कानं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. माझ्याकडे एकदा पाहिलं. फोन का लागला नाही ते मी सांगितलं नाही. डबा रिकामा करून तिनं परत दिला, रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर मका घातलेला. परतीच्या चार एसट्या मी तो डबा मांडीवर धरून आलो. खांब मी मोजले नाहीत.

सासऱ्यांनी शब्द पाळला. पाच दिवाळ्या अक्का आली नाही. बाजारालाही तिनं फोन करणं सोडून दिलं, की तिला सोडायला लावलं, कोण जाणे. सासरे गेले तेव्हा तिला येण्याजाण्याची मोकळीक मिळाली, आणि तिच्या पोरानं मोबाइलही घेतला. पण तोवर मोठीमायचे कान गेले होते. कानाला मोबाइल लावून ती नुसती हसायची आणि माझ्याकडे द्यायची, काय म्हणती बघ म्हणून.

आणि माझी नोकरी? ती त्याच हिवाळ्यात लागली. पत्र पोस्टानं आलं. माझ्या बायोडाटाची एक प्रत अण्णांनी मला न सांगता परतूरहून पोस्टानं धाडली होती, असू द्यावी म्हणून. ई-मेलनं पाठवलेल्यांपैकी एकाचंही उत्तर कधी आलं नाही. हेही मी मोठीमायला सांगितलं नाही. ती शेजारणींना अभिमानानं सांगत राहिली की माझी तार कापली तवा कुठं पोराची नोकरी लागली. मुका लाल फोन तिनं हलवला नाही. खांडेनवमीला त्यालाही हळदकुंकू, डबीलाही. मी सुटीला आलो की ती हमखास विचारायची, आता स्पीड बराबर आहे ना रे. मी म्हणायचो, एकदम बराबर.

पेचकसानं मी कुंकवाचा थर खरवडला, तेव्हा स्क्रू दिसले. झाकणाचा एक कोपरा उडालेला होता. कधीचा कोण जाणे. चौथा स्क्रू निघाला आणि झाकण हातात आलं.

आत हिरवा चुरा भरलेला होता. तांब्याला पाणी लागून लागून येतो तसला, शेवाळासारखा. त्यात हळदीकुंकवाच्या घट्ट झालेल्या गुठळ्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. तारेची दोन टोकं त्या चिखलात रुतून राहिली होती. एक तर केसाएवढं उरलं होतं. फायबरवाला वाकून बघत होता. "पानी मारत व्हते का कुणी ह्या डबीवर? ही लाइन चालली कशी म्हणायची? स्पीड काय खाक येणार."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. चला, दोष मोठीमायचाच होता, पॅरललमुळे नाही तर तिच्या तांब्यामुळे, पण होता तिचाच. असं मला वाटलं, मेलेल्या बाईबद्दल, अकराव्या दिवशी. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग त्या गुठळीवर अंगठ्याचा ठसा दिसला. तिथं ती सुमनला ओवाळत होती.

अक्का आतून आली. मोठीमायची खोली ती सकाळपासून आवरत होती. तिच्या दोन्ही हातांत लाल फोन होता, रुमालासकट. हा मी नेऊ का, तिनं विचारलं. बंद आहे गं तो, मी म्हणालो. म्हाईत आहे, ती म्हणाली. मग तिनं उघडी डबी पाहिली, आतल्या पाकळ्या पाहिल्या. तिच्या केसांना आता कुठल्याच तेलाचा वास येत नाही.

फायबरवाल्यानं जुनी तार ओढून काढली, नवी आत घेतली, राउटरचे दिवे लागले. मोबाइल पुढं करून त्यानं आकडा दाखवला. "बघा साहेब, शंभर येऊन राह्यला." चहाचं नको म्हणून तो निघून गेला. ओसरीवर आम्ही दोघं राहिलो.

"तार कापल्यावर वाढला व्हता का रे स्पीड?" अक्कानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "काहीच वाढला न्हाई. आन् मोठीमाय उंबऱ्यावर बसायची, तवा तुझा फोन लागणार न्हाई, हे मला म्हाईत व्हतं."

ती उंबऱ्यावर बसली. फोन मांडीवर घेतला, तारेचं गुंडाळलेलं टोक रुमालाखालून बाहेर आलं होतं, ते तिनं परत आत सारलं.

"बूथवाला सांगायचा, ताई, तिकडून एंगेज येऊन राह्यलं," ती म्हणाली. "तिन्ही बाजार तेच. मला बरं वाटायचं रे. वाटायचं, चला, माय बोलून राह्यली कुणाशी तरी."